तुमच्या फोनच्या नकाशात तुमच्या गावचा नाला का दिसत नाही?

पावसाळ्याच्या आधी मावशीने व्हॉट्सॲपवर एक लोकेशन पाठवलं. जळगावच्या बाहेरच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये तिने एक प्लॉट बघितला होता. भाव तिच्या बजेटमधला होता. खाली व्हॉइस मेसेज: "बेटा, तू कम्प्युटरवाला आहेस ना, जरा बघ बरं जागा कशी आहे. मागच्या बाजूला एक गटार तेवढं आहे, बाकी सगळं चांगलं आहे."

मी लोकेशन उघडलं. साध्या नकाशात काहीच नव्हतं. करड्या रंगाचा कोरा कागद आणि त्यावर एक लाल पिन. मग सॅटेलाइट व्ह्यू लावला. प्लॉटच्या मागून हिरव्या काटेरी झुडपांची एक ओळ जात होती. ती वळत होती. आधी डावीकडे, मग एक मोठा लोंबता वेढा, मग पुन्हा उजवीकडे. माणूस गटार खोदतो तेव्हा ते रस्त्याला धरून सरळ नेतो, फार तर काटकोनात वळवतो. ही वळणं पाण्याने स्वतः काढलेली होती. म्हणजे ते गटार नव्हतं, नाला होता. नकाशाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

घराघरातले रस्ते, चहाच्या टपऱ्या, एटीएम, सगळं दाखवणाऱ्या फोनला नाला का दिसत नाही? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून पुढचे काही शनिवार-रविवार यात गेले. उत्तर एकच नाही. उपग्रहापासून सात-बारापर्यंत प्रत्येक टप्प्यावर छोटं पाणी थोडं थोडं गळत जातं आणि शेवटी फोनवर येईपर्यंत काहीच उरत नाही.

आधी जमीन समजून घेऊ

खान्देशचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. दक्षिणेच्या डोंगरांतून निघणारं पाणी उत्तरेकडे तापीच्या दिशेने धावतं: वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. या नद्या आपल्याला माहीत असतात, कारण त्यांवर धरणं आहेत. पण या प्रत्येक नदीला शेकडो नाले मिळतात आणि आपली गावं, शहरं खरं तर त्या नाल्यांवर बसलेली आहेत.

जळगाव हे त्याचं चांगलं उदाहरण. गिरणा शहराच्या पश्चिमेकडून जाते, वाघूर पूर्वेला लांब राहते. शहराच्या पोटातून जातो तो लेंडी नाला. वस्तीतलं पाणी घेत तो उत्तरेकडे सरकतो, रेल्वेमार्ग ओलांडून ममुराबाद रस्त्याच्या बाजूला निघतो आणि पुढे गिरणेकडे जातो. जळगावच्या माणसाला 'लेंडी नाला' म्हटलं की वास आठवतो, कचरा आठवतो, पावसाळ्यात पुलाखाली तुंबलेलं पाणी आठवतं. हा मुळात एक ओढा आहे, त्याला स्वतःचं खोरं आहे, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

जळगाव वाढलं तेही कापूस आणि रेल्वेमुळे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, इकडे खान्देशी कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली, १८६४ मध्ये नगरपालिका झाली. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे केले तेव्हा जळगाव पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण झालं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर गेली होती. या सगळ्या वाढीत शहराने पाणी बाहेरून आणलं. आधी मेहरुण तलावाकडून, नंतर गिरणा आणि वाघूरकडून. प्यायचं पाणी नळातून येऊ लागलं की दाराशेजारून वाहणाऱ्या पाण्याचं काम एकच उरतं: घाण वाहून नेणं.

धुळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पांझरा थेट शहरातून जाते, त्यामुळे नदी विसरता येत नाही. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने नवी पेठ आखून वसवली. सरळ, समांतर गल्ल्या. त्या गल्ल्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात. (आमच्या धुळ्याच्या मित्राला 'तुझं घर कुठे' विचारलं की तो आकडाच सांगतो. प्रोग्रामरला आवडेल असं शहर आहे.) पण पाणी काही ग्राफ पेपरवर चालत नाही. १८७२ मध्ये पांझरेच्या महापुराने धुळ्याचं मोठं नुकसान केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्येही पांझरेला मोठा पूर आला होता. आणि पांझरेला पूर असतो तेव्हा मोती नाल्यासारख्या नाल्यांचं पाणी नदीत उतरू शकत नाही, ते मागे वस्तीत फुगतं.

गंमत अशी की याच पांझरेच्या खोऱ्यात पाण्याचा हिशोब चोख ठेवायची जुनी परंपरा आहे. फड पद्धत म्हणजे नदीवर छोटे बंधारे, त्यातून पाट, आणि कोणत्या फडाला पाणी कधी हे गावाने ठरवायचं. पाटकऱ्याला प्रत्येक चारी तोंडपाठ. सर विश्वेश्वरय्यांनी १८८४ मध्ये नोकरी सुरू केल्यावर ज्या पहिल्या कामांवर हात बसवला, त्यात पांझरेच्या खोऱ्यात ओढ्याखालून पाटाचं पाणी नेणारा पाइपचा सायफन होता. एका पाण्याखालून दुसरं पाणी काढायचं तर दोन्ही पाणी नेमकी कुठून जातात हे माहीत असावंच लागतं. आज आपल्याकडे सॅटेलाइट आहेत आणि तेवढंच माहीत नाही.

अकरा दिवसांत मोजलेली पृथ्वी

आता तांत्रिक भाग. कॉम्प्युटरला नाला कसा 'दिसतो'? फोटोवरून नाही, तर जमिनीच्या उंचीवरून.

फेब्रुवारी २००० मध्ये नासाचं एंडेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्यावरच्या रडारने जवळजवळ सगळ्या वस्ती असलेल्या जमिनीची उंची मोजली. या मोहिमेचं नाव एसआरटीएम. त्यातून जो डेटा तयार झाला तो म्हणजे एक प्रचंड मोठा तक्ता आहे. जमिनीचे साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एकच आकडा लिहायचा: समुद्रसपाटीपासून इतके मीटर उंच. सुरुवातीला भारतासारख्या देशांसाठी ९० मीटरचे चौकोनच खुले होते. ३० मीटरचा डेटा २०१४ पासून मोफत मिळू लागला. तुमच्या ट्रेकिंग ॲपमध्ये उंचीचा आलेख येतो ना, त्यामागे बऱ्याचदा हाच किंवा याच जातीचा डेटा असतो.

मी तो लॅपटॉपवर उतरवला. क्यूजीआयएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात उघडला आणि बघतो तर अर्धं जळगाव गायब! दहा मिनिटं मी इंटरनेटला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं. हा डेटा एक अंश बाय एक अंशाच्या तुकड्यांत मिळतो आणि २१ अंश उत्तर अक्षांशाची रेषा बरोबर जळगाव शहरातून जाते. रेल्वे स्टेशन एका फाइलमध्ये, मेहरुण तलाव दुसऱ्या फाइलमध्ये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटचंही तेच: शहराचा उत्तरेचा भाग ४६ओ/१२ वर, दक्षिणेचा ४६पी/९ वर. कागदावर काम करायचे त्या काळातही जळगावचं पाणी बघायचं तर दोन शीट जोडाव्या लागत होत्या.

दोन्ही तुकडे जोडले. आता पाणी शोधायचं. यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत अगदी सोपी आहे, तिला डी-८ म्हणतात. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी असतात. त्यातला सगळ्यात उताराचा शेजारी निवडायचा आणि आपलं सगळं पाणी त्याच्याकडे ढकलायचं. तोही तेच करतो. मग प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्याकडे वरून एकूण किती चौकोनांचं पाणी आलं? ज्याच्याकडे जास्त, तिथून ओढा जातो. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, बांधावर उभं राहून तो हेच करत असतो.

पण 'जास्त' म्हणजे किती? हा आकडा माणूस ठरवतो, आणि नाला हरवतो तो पहिल्यांदा इथे. १,००० चौकोन धरले तर साधारण एक चौरस किलोमीटरपेक्षा मोठं खोरं असलेले ओढे दिसतील. जगभरात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोरिव्हर्स या तयार डेटामध्ये ढोबळ मर्यादा आहे १० चौरस किलोमीटर. त्याहून लहान खोऱ्यातला प्रवाह त्यात धरायचा तर सरासरी प्रवाह बऱ्यापैकी हवा, आणि खान्देशातला नाला तर वर्षातले आठ महिने कोरडा. म्हणजे तो यादीतून बाद. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. अख्ख्या जगाचा नकाशा करणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावी लागते. फक्त त्या रेघेच्या खाली आपलं घर येतं.

दुसरी अडचण चौकोनाच्या आकाराची. नाला समजा आठ मीटर रुंद आणि तीन मीटर खोल आहे. ३० मीटरच्या चौकोनात त्याची खोली सरासरीत विरघळून जाते. त्यात रडार जमीन बघत नाही, जे वर आहे ते बघतं: झाडाचा शेंडा, गोदामाचं पत्र्याचं छप्पर. जळगावच्या आजूबाजूला उतार मुळात कमी. एका छपराची उंची अख्ख्या गल्लीच्या उतारापेक्षा जास्त भरते. माझ्या स्क्रीनवर मोकळ्या शेतांमध्ये रेषा छान वळणं घेत येत होती आणि शहरात शिरली की दारू प्यायल्यासारखी कुठेही जात होती.

तिसरी अडचण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. रेल्वेचा भराव. वरून बघणाऱ्या रडारला भराव दिसतो, त्याखालची मोरी दिसत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते रेल्वेमार्ग म्हणजे धरण. पाणी त्याला अडतं, भरावाच्या कडेकडेने सरकतं आणि भलत्याच ठिकाणाहून पलीकडे जातं. अनुभवी लोक अशा वेळी हाताने भरावाला 'भोक' पाडतात, म्हणजे तेवढ्या चौकोनांची उंची कमी करतात. त्यासाठी मोरी कुठे आहे हे आधी माहीत पाहिजे, आणि ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

एक हिशोब करून बघा. लेंडी नाल्याचा नाही, समजायला सोपा म्हणून काल्पनिक खोऱ्याचा. खोरं १० चौरस किलोमीटरचं. तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी झालं १० लाख घनमीटर, म्हणजे १०० कोटी लिटर. काळ्या मातीत आधीचं पाणी मुरलेलं आहे, वर सिमेंटचे रस्ते, म्हणून निम्मं पाणी वाहून आलं असं धरू. तीन तासांनी भागलं तर सेकंदाला साधारण ४६ घनमीटर. आता दोन मीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप घ्या, पुलाखाली टाकतात तसा. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल तर पूर्ण भरून वाहणारा पाइप सेकंदाला सहा-सव्वासहा घनमीटर नेतो. म्हणजे असे आठ पाइप हवेत, तेही प्लास्टिक न अडकता. तुमच्या ओळखीच्या नाल्यावर किती पाइप आहेत ते येताजाता मोजा.

नावात काय आहे? बरंच काही

इंग्रजीतला 'क्रीक' हा शब्द मशीन भाषांतराला दिला की बहुतेक वेळा 'खाडी' असं उत्तर येतं. आपल्या शाळेतही तेच शिकवतात, ठाण्याची खाडी वगैरे. पण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गावातल्या साध्या ओढ्यालाही क्रीक म्हणतात. समुद्रापासून एवढ्या लांब खान्देशात खाडी कुठून येणार! आपल्याकडे ओढा, नाला, ओहोळ, लवण असे पाण्याच्या मापाप्रमाणे वेगवेगळे शब्द आहेत. नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पोहोचलेच नाहीत.

आणि लेंडी नाला तर सर्चला अजूनच वात आणतो. लेंडी नावाचं पाणी महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. नांदेड जिल्ह्यात लेंडी नदी, नागपुरात लेंडी तलाव, शिर्डीत लेंडी बाग. नुसतं 'लेंडी नाला' टाकलं तर फोन तुम्हाला कुठेही नेऊन सोडेल.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा विकिपीडियासारखा आहे, कुणीही त्यात भर घालू शकतं आणि कितीतरी ॲप्स त्याचाच डेटा वापरतात. त्यात पाण्याची रेषा काढली की तिचा प्रकार निवडावा लागतो. 'स्ट्रीम' म्हणजे नैसर्गिक ओढा, 'ड्रेन' म्हणजे माणसाने सांडपाण्यासाठी बांधलेली वाट. घरबसल्या फोटो बघून काम करणारा माणूस शहरातलं काळं पाणी बघतो आणि प्रामाणिकपणे 'ड्रेन' निवडतो. झालं. मावशीने व्हॉइस मेसेजमध्ये म्हटलं होतं तेच डेटाबेसमध्ये लिहिलं गेलं: गटार. गटार सोयीप्रमाणे वळवता येतं, अरुंद करता येतं, वर स्लॅब टाकून गाळे काढता येतात. ओढ्याचं तसं नसतं, कारण त्याच्या वरचं खोरं स्लॅब टाकला म्हणून लहान होत नाही.

सात-बारा मात्र विसरत नाही

इथे मला आशेची गोष्ट सापडली, आणि तीही ज्या सरकारी कागदांना आपण नावं ठेवतो त्यांत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे, जे पाणी कुणाच्या मालकीचं सिद्ध होत नाही, त्या नद्या, ओढे, नाले, तलाव यांची मालकी राज्य सरकारची आहे. म्हणजे नाला रिकामी जागा नाही, त्याला मालक आहे. सात-बारावर 'पोटखराबा' असा रकाना असतो, त्यात वर्ग 'अ' आणि वर्ग 'ब'. 'अ' म्हणजे खडकाळ वगैरे, लागवडीला न येणारी जमीन. 'ब' म्हणजे सार्वजनिक उपयोगाची जमीन, त्यात रस्ता, इतरांच्या वापरातला ओढा, तलाव येतात. एखाद्या गटाच्या सात-बारावर वर्ग 'ब' मध्ये काही गुंठे दिसले तर विचारा, ते कशाचे आहेत.

मी मावशीच्या प्लॉटचा मूळ गट नंबर मागवला. एजंटने तो द्यायला चार दिवस घेतले, ते सोडा. महाभूनकाशा या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट टाकला. गटाच्या कडेने दोन समांतर वाकड्या रेषा जात होत्या. सॅटेलाइटवरच्या झुडपांच्या ओळीसारख्याच वाकड्या. पिढ्यान्‌पिढ्या आधी साखळी घेऊन शेतातून चाललेल्या मोजणीदाराने जे काढलं होतं, ते तीस मीटरच्या रडारला जमलं नव्हतं. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीटही आता ऑनलाइन मोफत मिळते. त्यावरही निळी रेषा होती.

मग लेआउटच्या रंगीत ब्रोशरमध्ये ती का नव्हती? नाल्याच्या काठापासून ठराविक अंतर मोकळं सोडायचा नियम आहे. ब्रोशरमध्ये 'नाला' लिहिलं की मागच्या ओळीतले प्लॉट लहान होतात. 'गटार' लिहिलं की होत नाहीत.

मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या आकड्यांनी भले भले फसतात. '२५ वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा आला की २५ वर्षं सुट्टी, असं नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, असा त्याचा अर्थ. २० वर्षांचं होम लोन घेतलं तर हप्ते फिटायच्या आत निदान एकदा तो पूर बघायची शक्यता ५६ टक्के निघते. नाणं उडवण्यापेक्षा जरा जास्तच. १०० वर्षांच्या पुरासाठीही ती १८ टक्के आहे. आणि लेआउटमागून जाणाऱ्या छोट्या नाल्याला बहुतेक वेळा अशी रेषाच नसते.

चाळीसगाव, ३१ ऑगस्ट २०२१

हे सगळं कागदी वाटत असेल तर चाळीसगावचा तो दिवस आठवा. आदल्या रात्री डोंगरात प्रचंड पाऊस झाला. कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक अडकली. पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांचं पाणी शहरात आणि बाजारपेठेत शिरलं. शेकडो जनावरं गेली. तितूर आणि डोंगरी या काही गोदावरी-तापी नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातून चालत जाता येतं.

डोंगरी पाटणादेवीच्या जंगलाकडून येते. पाटणादेवी ते चाळीसगाव अंतर साधारण १८ किलोमीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने आलं तर अडीच तास, तीन मीटरने आलं तर पावणेदोन. तेवढा वेळ हाताशी, तोही पहाटेचा, आणि वर पाऊस किती झालाय हे खाली कुणीतरी बघत असेल तर.

आपल्या फोनवर येणारा अलर्ट मात्र जिल्ह्याचा असतो. जळगाव जिल्हा जवळपास बारा हजार चौरस किलोमीटरचा. 'जळगाव: ऑरेंज' हा मेसेज चोपड्यालाही जातो आणि चाळीसगावलाही. चार वेळा ऑरेंज येऊन ऊनच पडलं की पाचव्या वेळी आपण स्वाइप करून टाकतो, मीही करतो. धरण असलेल्या नदीचं निदान बरं, विसर्ग किती क्युसेक सोडला ते व्हॉट्सॲपवर फिरतं. नाल्याला धरण नाही, मापक नाही, म्हणून बातमीही नाही. हवामान विभागाने २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी अचानक येणाऱ्या पुरांची मार्गदर्शन यंत्रणा सुरू केली, ती जिल्ह्यांऐवजी छोट्या पाणलोटांचा विचार करते आणि पुढच्या सहा तासांचा धोका सांगते. दिशा बरोबर आहे. आणि २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती, ज्यात ठराविक टॉवरखालच्या फोनलाच मेसेज पाठवता येतो. म्हणजे पाणलोट मोजणारी यंत्रणा आहे आणि गल्लीपुरता अलर्ट वाजवणारी यंत्रणाही आहे. या दोघांच्या मध्ये 'हा नाला कुठून जातो आणि त्याच्या काठाला कोण राहतं' हा नकाशा लागतो, तोच नाही.

तो नकाशा आता होऊ शकतो

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरची बरीच बंधनं काढली, भारतीय कंपन्यांना आणि माणसांना बारीक नकाशे करायला परवानग्यांची गरज उरली नाही. १८ फेब्रुवारी २०२५ ला 'नक्शा' नावाचा शहरी जमीन मोजणीचा कार्यक्रम १५२ शहरांत सुरू झाला. विमान-ड्रोनने फोटो, मग जागेवर जाऊन पडताळणी. ड्रोनचा चौकोन ३० मीटरचा नसतो, काही सेंटिमीटरचा असतो. त्यात नाल्याचा काठ, मोरीचं तोंड, पाइप, सगळं दिसतं.

पण माझी भीती वेगळी आहे. अशी मोजणी मालमत्तेसाठी होते. प्रत्येक तुकड्याला मालक लावणं हा तिचा हेतू. ज्या दिवशी ड्रोन उडेल त्या दिवशी नाल्यात भराव टाकून भिंत बांधलेली असेल, तर सेंटिमीटरच्या अचूकतेने ती भिंत नोंदवली जाईल. जुन्या गाव नकाशातल्या दोन वाकड्या रेषा नव्या नकाशावर ठेवून बघितल्या नाहीत तर अतिक्रमणाला कायमचा पत्ता मिळेल. हे दोन थर एकावर एक ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, माझ्यासारखा माणूस रविवारी दुपारी करू शकतो. प्रारूप नकाशा हरकतींसाठी ठेवतात तेव्हा कुणीतरी ते करून नेलं पाहिजे, एवढंच. तुमच्या शहरात मोजणी आली तर ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

मी काय केलं? ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं, मावशीच्या त्या प्लॉटमागचा नाला पायी चाललो, जमेल तिथे. फोनचा जीपीएस चालू ठेवून. दोन मोऱ्या सापडल्या, एक जवळजवळ बुजलेली. एका शेतात खत टाकत असलेल्या काकांना नाल्याचं नाव विचारलं. ते म्हणाले, "नाव कसलं भाऊ, आमच्या शेतातला नाला. पण भरला ना, तर त्या लिंबाच्या झाडापर्यंत येतो." मी लिंबाच्या झाडाचं लोकेशन घेतलं. प्लॉटपासून ते चाळीस मीटर आत होतं.

रेषा काढली, प्रकार 'स्ट्रीम' निवडला, 'हंगामी' अशी खूण केली, मोऱ्या दाखवल्या. नावाची जागा रिकामी ठेवली.

मावशीने तो प्लॉट घेतला नाही. एजंटने दिवाळीत तिला फोन करून सांगितलं की तो गेला, आणि शेजारचा अजून आहे, थोडा कमी करून देतो.